मार्कंड्याला खजुराहोची उसनी ओळख कशाला?

महाशिवरात्र जवळ आली की मार्कंडादेवच्या बातम्या ठरलेल्या असतात. यात्रेला गर्दी किती होणार, जादा एसट्या किती सुटणार आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याने हाती घेऊन वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवलेला मुख्य मंदिराचा जीर्णोद्धार एकदाचा कधी पुरा होणार. त्यात ‘विदर्भाचे खजुराहो’ हे बिरुद हटकून येते. तुलना जुनीच आहे. 1870च्या दशकात इथे येऊन गेलेल्या अलेक्झांडर कनिंगहॅमलाही या शिल्पांत खजुराहोची शैली दिसली होती. तो उत्तरेतली देवळे पाहत इथवर आला होता, त्याला ती आठवणे साहजिक होते. आपण मात्र दीडशे वर्षांनंतरही तेच पालुपद आळवतो आणि ज्याच्या नावाने हे गाव ओळखले जाते, त्या मार्कंडेयाला दोन ओळींत गुंडाळतो. मंदिर समजून घ्यायचे तर सुरुवात त्याच्या चरित्रापासून करायला हवी.

सोळा वर्षांचे आयुष्य, लिंगाला मारलेली मिठी आणि यमाला शंकराची लाथ, ही कथा सर्वांना पाठ आहे. वेरूळच्या 15व्या लेण्यात, म्हणजे 8व्या शतकात, ती दगडात कोरलेली दिसते. पण याच ऋषीची बाकीची कथा पाहिली तर चित्र बरेच गुंतागुंतीचे होते. महाभारताच्या वनपर्वात पांडवांना भेटणारा मार्कंडेय हजारो वर्षे जगलेला आहे. प्रलयाच्या पाण्यात वडाच्या फांदीवर त्याला जो बालक दिसतो, तो नारायण. नरसिंहपुराणात तर त्याला मृत्यूपासून सोडवतो तो विष्णूच. देवीचे माहात्म्य सांगणारी सप्तशती त्याच्याच नावाच्या पुराणात आहे. म्हणजे शैव, वैष्णव आणि शाक्त, तिघांनीही हा साक्षीदार आपल्या बाजूने उभा केला. कारण उघड आहे. जो मरत नाही, त्याची साक्ष कोण खोडून काढणार? वनपर्वातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. यमाकडून नवरा परत आणणाऱ्या सावित्रीची कथा युधिष्ठिराला ऐकवतो, तोही मार्कंडेयच.

चामोर्शी तालुक्यात, उत्तरेकडे वळलेल्या वैनगंगेच्या काठी हीच सरमिसळ दगडात उभी आहे. मुख्य मंदिर मार्कंडेश्वर महादेवाचे. त्याच आवारात मृकंड ऋषीचे, म्हणजे बापाचे देऊळ आहे, विष्णूच्या दशावतारांचे आहे आणि हरलेल्या यमधर्माचेही आहे. पोराचा जीव न्यायला आलेल्या यमालाही इथे घर मिळाले. कोणी म्हणेल, ही नावे मूळ बांधणाऱ्यांनी ठेवली कशावरून? मंदिरे शैलीवरून साधारण 10 ते 12व्या शतकातली मानतात, आणि देवळांची नावे आपल्यापर्यंत आली ती बरीचशी कनिंगहॅमच्या काळातल्या लोकांच्या तोंडून. आक्षेप रास्त आहे. पण त्याने मुद्दा ढळत नाही. नावे नंतरची असली, तर भाविकांनी समोरच्या देवळांत मार्कंडेयाचे सगळे घराणे आणि त्याचा वैरीही वसवला, असा अर्थ होतो. बांधणारा राजा कोण, याबद्दल अभ्यासक वाद घालोत. ही वाचणाऱ्यांची परंपराही तितकाच ठोस इतिहास आहे. हेमाडपंताचे नाव इथेही पुढे केले जाते, ते मात्र बाजूला ठेवावे. तो यादवांचा 13व्या शतकातला प्रधान, आणि ही कोरीव कामाने गच्च भरलेली देवळे त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साध्या बांधणीशी जुळत नाहीत.

मंदिराच्या चरित्राचा सगळ्यात दुर्लक्षित अध्याय गोंड राजवटीतला आहे. वीज पडून मुख्य मंदिराच्या शिखराचा वरचा भाग मंडपाच्या छतावर कोसळला. पुढे एका गोंड राजाने आतून जाडजूड खांब आणि कमानी देऊन ते छत सावरले, अशी नोंद आहे. जुन्या नाजूक नक्षीशेजारी हे ओबडधोबड खांब विजोड दिसले असणार. कलेच्या जाणकाराला ते खटकतील आणि ‘मंदिर मूळ रूपात आणा’ असे तो म्हणेल. पण मूळ रूप कुठले धरायचे? चांद्याच्या राजगोंडांनी हात दिला नसता, तर आज जीर्णोद्धार करायला मंडप तरी उरला असता का? सुंदर शिल्प घडवणाऱ्याचा मान मोठा, हे मान्य. पडू घातलेले देऊळ उभे ठेवणाऱ्याचा मान त्याहून कमी नाही, आणि ज्या जिल्ह्यात गोंड-माडिया समाजाची वस्ती एवढी मोठी आहे, तिथे हे सांगितलेच पाहिजे.

म्हणून काम लवकर पुरे करा, एवढीच मागणी पुरेशी नाही. शिखर चढेल, दगडांना क्रमांक देऊन ते जागेवर बसतील. त्याबरोबर त्या गोंड डागडुजीची खूण मंदिरात दिसली पाहिजे आणि तिची माहिती मराठीत आणि गोंडीत लावली पाहिजे. खजुराहोचे नाव त्या फलकावर नसले तरी चालेल. राजगोंडांचे असलेच पाहिजे.