जुन्या घरांवरील सिमेंटचे पत्रे

गेल्या वैशाखांत वाईस आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं नातवाची मुंज होती. घर तीन पिढ्यांचें. पुढील भाग कौलारू, आणि मागील अंगणाच्या बाजूस १९५८ सालीं काढलेली पडवी, तिच्यावर सिमेंटचे पन्हळी पत्रे. पाहुणेमंडळी उतरावयाची म्हणून पडवी नवी करण्याचें ठरलें. ठेकेदाराचीं माणसें सकाळींच आलीं, वर चढलीं आणि घणांनीं पत्रे फोडूं लागलीं. करड्या धुळीचा लोट अंगणांत उतरला. वळणीवर सोवळ्याचीं धाबळीं व मुलांचे कपडे वाळत होते. बटु आपल्या चुलत भावंडांसह पत्र्यांचे तुकडे गोळा करून ठिकऱ्यांचा डाव मांडून बसला होता. सायंकाळीं काकूंनीं केरसुणीनें सारें अंगण झाडून काढलें. आम्हीही त्या दिवशीं तेथेंच होतों व ओटीवर बसून चहा घेत होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

सिमेंटचा पत्रा हें नांवच मोठें फसवें आहे. हा पत्रा नुसत्या सिमेंटचा नसतो; त्याच्या शंभर भागांत सामान्यतः आठ ते पंधरा भाग अॅस्बेस्टॉस ह्या खनिजाचे तंतु असतात. खाणींतून निघणारा हा दगड कापसासारखा पिंजतां येतो, तो जळत नाहीं, कुजत नाहीं, आणि सिमेंटांत मिसळला म्हणजे पातळ पत्र्यासही बळकटी आणतो. आस्ट्रियांतील लुडविग हाचेक ह्यानें १९०१ सालीं ही कृति पेटंट केली, आणि १९३४ च्या सुमारास आपल्या देशांतही असे पत्रे होऊं लागले. कौलांपेक्षां स्वस्त, लोखंडासारखा गंज नाहीं, आणि माकडांनीं दरवर्षीं विसकटण्याची धास्ती नाहीं! मग पडव्या, गोठे, शाळा, चाळींचे संडास, सर्वत्र तेच दिसूं लागले ह्यांत नवल तें काय? पत्र्यांप्रमाणेंच पावसाळी पाण्याचे नळ, पाण्याच्या टाक्या आणि धुरांडींही ह्याच द्रव्याचीं होत.

दोष आहे तो तंतूंच्या सूक्ष्मतेंत. पत्रा फुटला, कापला किंवा घासला म्हणजे डोळ्यांस न दिसणारे तंतु हवेंत उडतात व श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन रुततात. शरीरास ते विरघळवितां येत नाहींत, कीं सर्वस्वीं बाहेरही टाकतां येत नाहींत. पुढें फुप्फुसें निबर होतात, त्यांचा कर्करोग होतो, किंवा फुप्फुसांच्या आवरणास मेसोथेलिओमा नांवाचा दुर्धर कर्करोग जडतो. आणि हें सारें वीस, तीस, कधीं चाळीस वर्षांनंतर! धूम्रपान करणारास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनीं अधिक. ही माहिती आजकालची नव्हे. इंग्लंडांतील रॉचडेल येथील गिरणींत काम करणारी नेली कर्शा ही बाई १९२४ सालीं, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं, ह्याच धुळीनें वारली व तिची हकीकत त्याच वर्षीं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. कामगारांचे कपडे घरीं धुणाऱ्या त्यांच्या बायकांसही पुढें हे रोग झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. ब्रिटननें १९९९ सालीं व आस्ट्रेलियानें २००३ च्या अखेरीस ह्या द्रव्याचा वापर बंद केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं अॅस्बेस्टॉसच्या कामगारांचें आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग होय असें ठरविलें. पत्र्यांच्या विक्रीस मात्र येथें अद्याप मुभा आहे.

हें वाचून कोणीं उद्यांच शिडी लावूं नये. धड, न भंगलेला पत्रा डोक्यावर असल्यानें घरच्या मंडळींस फारसा अपाय नाहीं. सिमेंटांत तंतु घट्ट बसलेले असतात. निजलेल्या सापास काठीनें डिवचावयाचें कशाला? पत्रा जुना असून त्यावर आय्. एस्. ४५९ असा छाप आढळला तर तो अॅस्बेस्टॉसचाच समजावा. छाप पुसला गेला असल्यासही तसेंच धरून चालावें. त्यास भोंक पाडूं नये, करवत लावूं नये. पावसाळ्यापूर्वी शेवाळ काढण्यासाठीं तारेचा ब्रश घेऊन वर चढण्याची जी चाल आहे ती तर दुहेरी घातक. धूळ उडते ती वेगळीच, शिवाय जुना पत्रा पायाखालीं एकाएकीं फुटून माणूस खालीं येतो. गळती किरकोळ असेल तर बाहेरून लेप व रंग देऊन भागवावें.

काढणें अटळच झालें, तर ह्या कामाची माहिती असलेलींच माणसें शोधावीं. पत्रे प्रथम साबणाच्या पाण्यानें भिजवावे, पण पाण्याची धार जोराची नको. आंकडे व बोल्ट कापून किंवा सोडवून पत्रा अखंड खालीं घ्यावा. वरून टाकूं नये. मुलांस, गरोदर बायकांस व म्हाताऱ्यांस त्या दिवशीं अन्यत्र पाठवावें, कपडे व पाणी आंत घ्यावें, खिडक्या लावून घ्याव्या. नाकास उपरणें गुंडाळून कांहीं होत नाहीं, एफ्. एफ्. पी. ३ प्रतीची, चेहऱ्यास घट्ट बसणारी मुखपट्टी लागते, आणि ती मजुरांस घरमालकानेंच आणून द्यावी. खालीं पडलेला चुरा ओल्या फडक्यानें टिपून तें फडकेंही पत्र्यांबरोबर जाड प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनांत बांधावें. झाडू नको, आणि घरगुती व्हॅक्यूम यंत्र तर मुळींच नको. तें तंतु एका बाजूनें ओढून दुसऱ्या बाजूनें खोलीभर उधळतें. गठ्ठे कोठें द्यावयाचे हें नगरपालिकेस व प्रदूषण नियंत्रण मंडळास आधीं विचारून ठेवावें.

आमची एक भाची न्यू जर्सीमध्यें असते. तिनें घेतलेल्या जुन्या घराच्या बाहेरील भिंतींवर ह्याच द्रव्याच्या फळ्या निघाल्या. तेथील तपासनिसानें त्या न उचकटतां वरून नवें आच्छादन घालण्याचा सल्ला दिला, व तो तिनें मानला. तिच्याच पत्रानें आम्हांस वाईची ती सकाळ आठवली आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलों. ते म्हणाले कीं, एका दिवसाच्या धुळीनें रोग होईल हा संभव फार थोडा. जितकी धूळ छातींत जाईल तितका धोका वाढतो. मुलांविषयीं आमचा जीव हलका झाला. पण घण घालणाऱ्या त्या चौघांचें काय? ते आठवड्यास एक छप्पर उतरवितात. ठेकेदाराकडे आम्हीं त्यांची चौकशी केली. तो म्हणाला, माणसें बदलत असतात, कोण होते तें आतां सांगवत नाहीं.

पत्र्यांचे तुकडे त्या वेळीं विहिरीकडील चिखलाच्या वाटेवर भर म्हणून पसरले होते. आमच्या स्नेह्यांनीं ते भिजवून, वेंचून, बांधून बाजूस ठेविले आहेत व ते कोठें न्यावयाचे ह्याविषयीं नगरपालिकेकडे अर्ज केला आहे. गोठ्यावरचे उरलेले सोळा पत्रे धड आहेत. त्यांस रंग दिला, आणि ते कशाचे आहेत हें शाईनें लिहून तो कागद घराच्या दस्तऐवजांत, पुतण्यांच्या हातीं पडेल असा ठेविला.