ज्येष्ठांचा सल्ला आणि बदलते सेवानियम

कचेरीत नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याचे शिक्षण दोन मार्गांनी होते. एक मार्ग लेखी असतो: सेवानियम, परिपत्रके, खात्यांतर्गत परीक्षांची पुस्तके. दुसरा मार्ग मौखिक असून तो शेजारच्या टेबलावरील ज्येष्ठ सहकाऱ्याकडून लाभतो. टिपणी कशी मांडावी, कोणते प्रकरण कोणाच्या सहीवाचून अडते, हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही आणि त्यावाचून कचेरीचे काम चालतही नाही. परंतु त्याच मुखातून आणखी एका प्रकारचे मार्गदर्शन मिळत असते. बढती घ्यावी की नाकारावी, परीक्षेस बसावे की नाही, नोकरी सोडावी की धरून ठेवावी, निवृत्तीसाठी कोणता पर्याय लिहून द्यावा, हे त्याचे विषय होत. पहिल्या प्रकारचे मार्गदर्शन बहुधा उपयुक्त ठरते. दुसऱ्या प्रकारचे कित्येकदा हानिकारक ठरते. सांगणारी व्यक्ती तीच, तिचा हेतू निर्मळ आणि अनुभवही खरा. असे असता हा फरक का पडावा? प्रस्तुत लेखात भारतीय बँकांतील निवृत्तिवेतनाच्या पर्यायाचे उदाहरण मुख्यतः समोर ठेवून या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

अनुभवाच्या विश्वसनीयतेच्या अटी

वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याचे समर्थन मराठीत एका परिचित शब्दप्रयोगाने केले जाते: त्यांनी चार पावसाळे अधिक पाहिलेले असतात. या शब्दप्रयोगात एक गृहीतक दडलेले आहे. पावसाळा दर वर्षी येतो. म्हणून अधिक पावसाळे पाहिलेल्या शेतकऱ्याचे अनुमान अधिक ग्राह्य मानणे योग्यच होय. ज्या क्षेत्रात घटनांची अशी पुनरावृत्ती होत नाही, तेथे मात्र वर्षांच्या संख्येवरून ज्ञानाचे माप काढता येत नाही.

डॅनियल काहनमन व गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त निबंधात हाच मुद्दा शास्त्रीय रूपात मांडला आहे. काहनमन हे तज्ज्ञांच्या अंतर्ज्ञानाविषयी साशंक, तर क्लाइन हे त्याचे पुरस्कर्ते. तथापि दोन अटींवर त्यांचे एकमत झाले. ज्या परिस्थितीत निर्णय घ्यावयाचा ती पुरेशी नियमबद्ध असली पाहिजे, आणि निर्णयाचे फळ काय झाले हे कळून स्वतःस दुरुस्त करण्याची संधी निर्णयकर्त्यास मिळत राहिली पाहिजे. या अटी नसतील तेथे अनुभवाने आत्मविश्वास वाढतो, अचूकता वाढतेच असे नाही.

या कसोटीवर कचेरीतील दोन प्रकारचे सल्ले वेगळे पडतात. टिपणी सदोष असेल तर ती दोन दिवसांत शेऱ्यासह परत येते. हजारो टिपण्यांतून शिकलेला हेडक्लार्क त्या विषयातील खरा तज्ज्ञ असतो. बढती नाकारण्याचा निर्णय मात्र मनुष्य आयुष्यात एकदोनदाच घेतो आणि त्याचे फळ वीस वर्षांनी दिसते. शिवाय नाकारलेल्या मार्गावर काय घडले असते हे त्यास कधीच कळत नाही. कामाच्या बाबतीत ज्येष्ठाजवळ हजारो अनुभवांचा साठा असतो. जीवनक्रमाच्या बाबतीत त्याजवळ एकच उदाहरण असते, आणि ते म्हणजे तो स्वतः.

बँकांतील निवृत्तिवेतनाचा पर्याय

२९ ऑक्टोबर १९९३ रोजी बँक व्यवस्थापनांची संघटना व कर्मचारी संघटना यांच्यात निवृत्तिवेतनाविषयी करार झाला व त्यानुसार १९९५ मध्ये निवृत्तिवेतन विनियम अमलात आले. तोपर्यंत बँक कर्मचाऱ्यांचा वार्धक्यातील मुख्य आधार भविष्य निर्वाह निधी हा होता. कर्मचारी आपल्या वेतनातून वर्गणी भरी व बँकही तितकीच भर घाली. नव्या योजनेत बँकेच्या या वर्गणीवरील हक्क सोडून त्याऐवजी आजन्म निवृत्तिवेतन घ्यावयाचे होते. सेवेत असलेल्या प्रत्येकास या दोहोंतून निवड करावी लागली, आणि पुष्कळांनी भविष्य निर्वाह निधीच पसंत केला.

ही पसंती अविचाराची होती असे म्हणता येणार नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीवरील व्याजाचा दर १९८९-९० पासून दशकभर १२ टक्के होता. या दराने रक्कम सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. ज्याची निवृत्ती चार वर्षांवर आली आहे व ज्याच्या खात्यात तीस वर्षांची पुंजी जमली आहे, अशा मनुष्याने हाती येणारी रक्कम सोडू नये हे त्याच्यापुरते समजण्यासारखे होते. त्यातच राजीनामा देणाऱ्याची पूर्वसेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जाणार नाही, असे विनियमात असल्याने शंकेला पुष्टी मिळाली. अशा मनुष्याच्या तोंडी ‘हातचा पैसा सोडू नकोस’ हे वाक्य अनुभवसिद्धच होते.

परंतु तेच वाक्य तीस वर्षांच्या कारकुनास सांगितले असता त्याचा अर्थ पालटतो. भविष्य निर्वाह निधीतील वर्गणी सेवेच्या प्रत्येक वर्षीच्या वेतनावर ठरते; आरंभीच्या वर्षांत वेतन अल्प, म्हणून वर्गणीही अल्प. निवृत्तिवेतन मात्र सेवेच्या अखेरच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनावर ठरते, व तेहतीस वर्षांची सेवा झाल्यास ते त्या सरासरीच्या निम्मे असते. ज्याच्यापुढे अनेक वेतनकरार अद्याप व्हावयाचे आहेत, त्यास शेवटच्या वेतनाशी बांधलेला लाभ अधिक मोलाचा असणे उघड आहे. महागाईनुसार वाढणारा दिलासा व पश्चात पत्नीस किंवा पतीस मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन यांची गणना तर वेगळीच. एकच सल्ला ज्येष्ठास साजेसा व कनिष्ठास घातक, अशी ही स्थिती होती.

पुढे व्याजाचा आधारही ढासळला. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा दर २००१-०२ मध्ये ९.५ टक्के व २००५-०६ मध्ये ८.५ टक्के झाला. निवृत्तीसमयी एकरकमी पैसा घेतलेल्यांना त्यावर मिळणारे उत्पन्न घटत गेले, तर निवृत्तिवेतनधारकांचा महागाई दिलासा चालू राहिला. पर्यायाची दुसरी संधी मिळावी ही मागणी जोर धरू लागली आणि २७ एप्रिल २०१० च्या कराराने ती संधी देण्यात आली. परंतु फुकट नव्हे. सेवेतील कर्मचाऱ्यांना नोव्हेंबर २००७ च्या सुधारित वेतनाच्या २.८ पट रक्कम द्यावी लागली. निवृत्त झालेल्यांना बँकेच्या वर्गणीची सव्याज रक्कम परत करून तिच्या ५६ टक्के आणखी भरावे लागले. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाची ही किंमत होय. त्या वेळी ज्यांनी सल्ला दिला होता, त्यांपैकी सेवेच्या अखेरीस पोहोचलेले लोक तोवर कचेरी सोडून गेले होते. सल्ल्याचे फळ पाहण्यास सल्लागार जागेवर राहत नाही, ही येथील मूळ अडचण आहे.

अन्य उदाहरणे

बढतीविषयीच्या सल्ल्यातही हेच सूत्र आढळते. अधिकारी झाले की बदली आली, त्यापेक्षा विशेष भत्त्याची कारकुनी बरी, हे मत हातांनी खतावण्या लिहिण्याच्या काळात निराधार नव्हते. १९८४ व १९८९ मध्ये रंगराजन समित्यांनी बँकांच्या संगणकीकरणाची दिशा आखली, १९९३ मध्ये नव्या खाजगी बँकांना वाट मोकळी झाली, आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. ज्या कामाच्या भरवशावर तो सल्ला उभा होता, ते कामच या क्रमाने आकसले. सरकारी नोकरी म्हणजे निवृत्तिवेतन हे समीकरणही केंद्र सरकारात १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांपुरते बदलले; त्यांना अंशदायी योजना लागू झाली.

सल्ल्याची सामाजिक बाजू

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखविले की, नवी माहिती निकटच्या माणसांपेक्षा दूरच्या ओळखीतून अधिक मिळते. निकटची माणसे एकमेकांस ठाऊक असलेलेच पुन्हा सांगतात. एका खात्यात पंचवीस वर्षे एकत्र बसलेले पाच ज्येष्ठ एकच मत देतात, तेव्हा ते पाच पुरावे नसून बहुधा एकच पुरावा पाचदा उच्चारलेला असतो. शिवाय नोकरी सोडून गेलेले तेथे साक्ष देण्यास हजर नसतात. जे राहिले त्यांचाच अनुभव ऐकू येतो.

यात आदराचाही भाग आहे. ज्येष्ठाने आपुलकीने सांगितलेले न ऐकणे हा त्याचा अवमान समजला जातो. त्यामुळे कनिष्ठ सल्ल्याच्या आधाराविषयी प्रश्न विचारण्यास धजत नाही, व ज्येष्ठासही आपला आधार तपासण्याचा प्रसंग येत नाही.

निष्कर्ष

ज्येष्ठाचा सल्ला ही एका विशिष्ट नियमव्यवस्थेविषयीची साक्ष होय. साक्षीदार प्रामाणिक आहे एवढ्याने साक्ष प्रस्तुत प्रकरणास लागू पडत नाही. यास्तव तीन गोष्टी तपासणे अगत्याचे ठरते: हा अनुभव कोणत्या नियमावर उभा आहे; तो नियम सल्ला घेणाऱ्याच्या रुजू होण्याच्या तारखेस लागू आहे काय; आणि सल्लागाराची उरलेली सेवा व घेणाऱ्याची उरलेली सेवा यांत किती अंतर आहे. हे प्रश्न व्यक्तीविषयी नसून नियमाविषयी असल्याने आदरास बाध न आणता विचारता येतात.

या विवेचनास आजही प्रयोजन आहे. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारच्या अंशदायी योजनेतील कर्मचाऱ्यांपुढे एकीकृत निवृत्तिवेतनाचा पर्याय आला. २००४ पूर्वी रुजू झालेल्या ज्येष्ठांनी अशी निवड कधी केलेली नाही. तरी टेबलाशेजारी प्रथम विचारले जाते ते त्यांनाच. अशा निवडीच्या वेळी कर्मचारी कोणास विचारतात, काय ऐकतात व अखेर काय लिहून देतात, याची नोंद निर्णयाच्या काळातच झाली तर ती संशोधनास उपयोगी पडेल. पंधरा वर्षांनी ती केवळ आठवणींतून गोळा करावी लागेल.