काळी आणि पांढरी

जुने मराठी कागद वाचायला घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द हमखास अडवतात. तो त्यांना विशेषणे समजतो आणि पुढचे नाम शोधू लागतो. ही नामेच आहेत. काळी म्हणजे गावाची कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावाची वस्ती. हिंदी अनुवादात ‘काळी’ची सरसकट ‘काली मिट्टी’ झाली, की शेत आणि गाव यांतला फरकच पुसला जातो, आणि हक्काचा तंटा नेमका कशाचा होता हे कळेनासे होते.

ही जोडी नुसती रंगावरून पडलेली नाही. तिच्यामागे मातीचा स्वभाव आहे. दख्खनच्या आणि आपल्या माळव्याच्या पठारावरची काळी माती प्रामुख्याने बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यात अतिसूक्ष्म चिकणकणांचे प्रमाण फार, आणि ते कण पातळ पापुद्र्यांचे. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरते, तशी माती फुगते आणि इतकी चिकट होते की फाळाला, खुराला, वहाणेला तिचे लगदे चढतात. उन्हाळ्यात तीच आकसते आणि शेताला भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत ओघळते, पावसात खालची फुगून वर रेटली जाते. ही जमीन आपली आपणच नांगरते, असे म्हणतात ते यामुळे.

ओल धरून ठेवणारी ही माती गव्हा-हरभऱ्याला उत्तम. भिंतीला मात्र वैरी. पाया वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खचतो. म्हणून घर काळीत बांधायचे नाही. भिंतींना आणि धाब्यांना पांढरी माती वापरायची. वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडक्या भिंतींचा चुरा मिसळून जमीन आणखी फिकट होत जाते. उजाड झालेल्या गावाची जागाही ‘पांढर’ म्हणून ओळखता येते ती अशी.

या मातीने मराठीला आणखी एक नेमका शब्द दिला : वाफसा. माती फार ओली नाही, फार कोरडीही नाही, अशी पेरणीजोगी अवस्था. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, खाली टाकला तर फुटावा. काळ्या जमिनीत ही अवस्था थोडेच दिवस टिकते, म्हणून तिला स्वतंत्र नाव लागले. माळवी शेतकरी तिलाच ‘बतर’ म्हणतो. शहरात वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना यांपैकी एकही शब्द ठाऊक नसतो, याचे नवल नाही. ग्रामीण कादंबरी वाचताना मात्र त्यांचे अडते.

इंदूरच्या नव्या वसाहती आता काळीतच उभ्या राहतात. तिथे पायाखालची काळी माती उपसून मुरूम भरावा लागतो. तो नीट भरला नाही, तर दोन-चार पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते.