अब्बांच्या पायजम्यावरचा तांबेरा

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, शेतकी नव्हे. तेव्हा गव्हाच्या पैदाशीवर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण गव्हाबद्दलचा एक प्रश्न आमच्या घरात चाळीस वर्षं पडून आहे. तो माझ्या वडिलांनी विचारला होता.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आमची थोडी जमीन होती. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. थंडी सरत आलेली. अब्बा गव्हातून चक्कर मारून आले, तर त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्यापासून खाली विटकरी रंग चढलेला. मला वाटलं, मातीच लागली. अब्बांनी तो झटकलाही नाही. ओसरीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "तांबेरा."

त्या वर्षी गव्हाचे दाणे जिऱ्यासारखे निघाले, बारीक आणि सुरकुतलेले. पेरलेलं वाण नवं, बुटकं, भरपूर पिकणारं होतं. त्याच शेतात बांधालगत दादीच्या हट्टाखातर खपलीच्या चार काकऱ्या पेरलेल्या असत. मोहरमचा खिचडा आणि शेजारच्या काकूंची खीर खपलीचीच व्हायची. उखळात कांडून तिची तुसं काढताना बायकांचे हात भरून येत. त्या चार काकऱ्या मात्र हिरव्यागार होत्या. पण खपली पिकायची ती किती? नव्या गव्हाच्या निम्मीसुद्धा नाही.

अब्बा म्हणाले, "खपलीची तब्येत आणि बुटक्याचं पीक, दोन्ही एकाच रोपात का येत नाही?"

आधी हा तांबेरा काय आहे ते पाहू. तांबेरा ही बुरशी आहे. गव्हाच्या पानावर, खोडावर तिचे बारीक फोड उठतात. ते फुटले की आतून तांबूस भुकटी उडते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यावर ते शेकडो मैल जातात. दवाचा ओलावा मिळाला की दुसऱ्या रोपात शिरतात आणि दाण्याकडे निघालेलं अन्न वाटेतच खातात. ओंबी उभी दिसते, पण दाणा भरत नाही. १९४६-४७च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची अशी साथ आली होती, की शेतंच्या शेतं गेली.

ही बुरशी जिवंत रोपावरच जगते. मग उन्हाळ्यात, गहू काढल्यावर ती कुठे जाते? आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी आयुष्यभर याचा माग काढला. मैदानातल्या उन्हात ती मरते, पण डोंगरावरच्या थंड हवेत तग धरते. हिमालयात, आणि दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. तिथून दर वर्षी ती नव्याने खाली उतरते. आपल्याकडचा काळा तांबेरा दक्षिणेच्या डोंगरांवरून येतो. अब्बांच्या पायजम्यावरचा रंग कदाचित निलगिरीहून आला होता.

आता प्रश्नाची दुसरी बाजू, भरपूर पिकाची. जुने गहू उंच, छातीला लागणारे. जनावरांना भुसा भरपूर मिळे. पण खत घालून ओंबी जड केली, की वाऱ्यापावसात सगळं पीक लोळायचं. म्हणजे जास्त खत घालणं हाच तोटा. दाणा वाढवायचा तर आधी रोप बुटकं करायला हवं होतं.

तसं रोप जपानमध्ये होतं. गोंजिरो इनाझुका यांनी तयार केलेलं 'नोरिन १०' हे वाण १९३५ साली तिथे प्रसारित झालं. उंची जेमतेम दोन फूट. महायुद्धानंतर, १९४६ साली, सॅल्मन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याचं बी अमेरिकेत नेलं. तिथे ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्यावर संकर केले आणि त्यांच्याकडून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती पडलं.

बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोला गेले ते तांबेऱ्याशी लढायला. गव्हाचा संकर करणं हे सोनाराच्या कामासारखं नाजूक असतं. गव्हाचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. म्हणून पराग पिकण्याआधी चिमट्याने प्रत्येक फुलातले तिन्ही पुंकेसर काढायचे, ओंबीवर कागदाची पिशवी चढवायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून त्यावर झटकायचा. एवढं करून मूठभर दाणे मिळतात. खरं काम पुढेच असतं. दुसऱ्या पिढीत आई-बापांचे गुण पत्ते पिसावेत तसे वेगवेगळे पडतात. हजारो रोपांतून हवी ती चार निवडायची, पुन्हा पेरायची, पुन्हा निवडायची. गुण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या लागतात. त्यानंतरच्या चाचण्या धरल्या तर एका वाणामागे दहा-बारा वर्षं जातात.

बोरलॉग यांनी वर्षाला दोन पिढ्या घ्यायचं ठरवलं. हिवाळ्यात सोनोरा प्रांतातल्या सखल जमिनीवर, आणि उन्हाळ्यात हजार किलोमीटरहून दूर, तोलुकाच्या उंच डोंगराळ भागात. वेळ निम्मा झालाच, पण आणखी एक फायदा पदरात पडला. दोन्ही हवामानांत टिकलेला गहू दिवस लहान की मोठा याची फिकीर करेनासा झाला. म्हणूनच तो पुढे कुठेही रुजला.

नोरिनची अडचण अशी, की ते तांबेऱ्याला फार नाजूक. बुटकेपण जपानचं घ्यायचं आणि तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद दुसरीकडून आणायची, यात बोरलॉग यांची कित्येक वर्षं गेली. अखेर १९६२ साली मेक्सिकोत 'पिटिक' आणि 'पेंजामो' ही बुटकी वाणं बाहेर पडली. खत घाला, लोळत नाहीत. आणि काड वाढवण्यात जाणारी शक्ती ओंबीत उतरते.

पुढचं आपल्या देशाशी जोडलेलं आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने बोरलॉग मार्च १९६३ मध्ये भारतात आले. त्या काळी अमेरिकेहून जहाजाने येणाऱ्या गव्हावर आपल्या शहरांची चूल पेटत होती. सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री असताना, १९६६ साली, मेक्सिकोतून १८ हजार टन बियाणं आणलं गेलं. १९६४-६५ साली देशात सुमारे सव्वा कोटी टन गहू पिकला होता, तो १९६७-६८ मध्ये साडेसोळा कोटी क्विंटलपर्यंत, म्हणजे सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. जुलै १९६८ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते गहू क्रांतीचं टपाल तिकीट निघालं. मेक्सिकोचा तो गहू लालसर होता. आपल्या लोकांना पोळीसाठी पिवळसर दाणा हवा, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी निवड करून 'कल्याण सोना' आणि 'सोनालिका' दिले.

इथे गोष्ट संपली असती, तर अब्बांचा पायजमा पांढराच राहिला असता. पण कल्याण सोना देशभर पेरला गेला आणि काही वर्षांतच, सत्तरच्या दशकात, पानावरच्या तांबेऱ्याने त्याला गाठलं. असं का होतं? गव्हातला रोगप्रतिकारक जनुक म्हणजे दाराचं कुलूप समजा. बुरशीच्या अब्जावधी बीजाणूंत सतत बारीक बदल होत असतात. त्यातल्या एखाद्याला कधीतरी त्या कुलपाची किल्ली सापडते. मैलोन् मैल एकच वाण, म्हणजे प्रत्येक दाराला तेच कुलूप. एका किल्लीत सगळी आळी उघडते.

याचा मोठा धक्का १९९८ साली युगांडात बसला. राय नावाच्या धान्यातून गव्हात आणलेला एक जनुक जगभरच्या वाणांत पसरला होता आणि वर्षानुवर्षं काळ्या तांबेऱ्याला अडवत होता. युगांडात त्यालाही भेदणारा तांबेरा सापडला. १९९९ साली त्याची नोंद झाली, म्हणून त्याला 'युजी ९९' म्हणतात. पुढे तो केनिया, इथिओपिया, येमेन करत इराणपर्यंत पोचला. २००५ साली, वयाच्या ९१व्या वर्षी, बोरलॉग जगाला सावध करायला पुन्हा उभे राहिले. भारतानेही आपली वाणं केनियात नेऊन त्या तांबेऱ्यासमोर पारखून घेतली.

मग टिकाऊ कुलूप मिळालं कुठे? ही गोष्ट वाचताना मला दादी आठवली. अमेरिकेत दक्षिण डाकोटामध्ये मॅकफॅडन नावाच्या माणसाने १९१६च्या सुमाराला साध्या गव्हाचा संकर खपलीच्याच कुळातल्या एका रशियन गव्हाशी केला. हे सोपं नाही. खपलीच्या पेशीत २८ गुणसूत्रं, आपल्या पोळीच्या गव्हात ४२. संकराची बहुतेक रोपं वांझ निघतात. त्याच्या हाती मोजके दाणे लागले. पण त्यातून आलेला एक जनुक तांबेऱ्याला पुरता अडवत नाही, फक्त त्याची चाल मंद करतो, आणि म्हणूनच शंभर वर्षांनंतरही कामी येतो. बोरलॉग यांच्या गव्हातही तो उतरला.

आणि खुद्द आपली खपली? बोरलॉग यांचे गुरू स्टॅकमन तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी १२ गहू वापरत. त्या बारांत एकाचं नाव चक्क 'खपली' होतं. पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा गुण साध्या गव्हात उतरवला. तिच्यातला एक जनुक युजी ९९लाही तोंड देतो. त्याला भेदणारा तांबेराही आता काही ठिकाणी सापडला आहे, म्हणून शास्त्रज्ञ आज एका रोपात तीन-चार जनुक एकत्र बसवतात. एक किल्ली सापडली, तरी बाकीची कुलपं राहतात.

हे काम आपल्या जवळही चालतं. निफाडचं गहू संशोधन केंद्र, पुण्याची आघारकर संस्था, महाबळेश्वरचं तांबेरा संशोधन केंद्र. तिथे मुद्दाम तांबेरा वाढवून रोपांची परीक्षा घेतात. शेतकऱ्याच्या हातातही काही गोष्टी आहेत. गहू वेळेवर पेरावा, नत्राचा मारा करू नये, जुनं बी वर्षानुवर्षं ओढू नये आणि सगळ्या रानात एकच वाण घालू नये.

अब्बा आता नाहीत. त्यांना आज मी सांगितलं असतं, "अब्बा, दोन्ही गुण एका रोपात येतात. पण एकदा आले म्हणजे कायमचे राहत नाहीत, पुन्हापुन्हा आणावे लागतात. आणि ते आणायचे, तर दादीच्या चार काकऱ्या कुणीतरी पेरत राहायला हव्यात."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)