जुनी मैफल, नवी आवृत्ती

लंडनमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल बँडचे मुंबईशी एक खास नाते आहे. त्यांच्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील मैफलीने झाला. या दौऱ्यातील ध्वनिमुद्रणांचा ‘फ्लाइट ६६६’ हा अल्बम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रत्येक गाणे वेगळ्या शहरातील आहे आणि पहिले गाणे, ‘एसेस हाय’, मुंबईचे आहे.

या बँडचे स्टुडिओ अल्बम २०१८-१९ मध्ये सीडीच्या रूपाने पुन्हा बाजारात आले. पाठोपाठ २०२० मध्ये मैफलींच्या अल्बमच्याही नव्या आवृत्त्या निघाल्या. आवरणावर ‘रीमास्टर’ असा शब्द असतो. गाणी तीच, वादक तेच. मग बदलते ते काय?

ध्वनिमुद्रण तीन टप्प्यांत पूर्ण होते. प्रथम गायक, गिटार, ड्रम यांचे आवाज वेगवेगळे मुद्रित होतात. नंतर त्यांचे प्रमाण ठरवून ते एकत्र केले जातात, हे मिक्सिंग. शेवटी या तयार मिश्रणाची पातळी आणि पोत ठरवला जातो, हे मास्टरिंग. रीमास्टरमध्ये केवळ हा अखेरचा टप्पा नव्याने होतो. त्यामुळे मैफलीतील श्रोत्यांचा जल्लोष गाण्यातून वेगळा काढता येत नाही. त्यासाठी मूळ सुट्या ध्वनिफितींकडे जाऊन रीमिक्स करावे लागते.

गेल्या काही दशकांत मास्टरिंग करताना आवाज चढा ठेवण्याची प्रवृत्ती वाढली. सीडीवरील आवाजाला कमाल मर्यादा असते. ती ओलांडता येत नसल्याने उंच स्वर दाबून हळू स्वर वर उचलले जातात. परिणामी लहान-मोठ्या आवाजातील अंतर घटते. ‘हॅलोड बी दाय नेम’ या १९८२ च्या गाण्याचा आरंभ घंटेच्या नादाने आणि संथ गायनाने होतो; पुढचा स्फोट त्या शांततेमुळेच परिणामकारक ठरतो. ती शांतताच उरली नाही, तर गाण्याचा प्राण हरवतो.

मराठी रसिकांना हा पेच नवा नाही. नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पुढे कॅसेट आणि सीडीवर आल्या, तेव्हा खरखर पुसताना तानेची धारही बोथट होण्याचा धोका होताच.

मात्र पुनर्प्रकाशनाने नुकसानच होते, असे नव्हे. ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ हा १९८५ चा अल्बम मुळात दोन एलपींचा. एका सीडीत तो मावत नसल्याने लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधील पाच गाणी सीडी आवृत्तीतून वगळावी लागली. १९९८ मध्ये दोन सीडींची आवृत्ती निघाली आणि ती गाणी परत मिळाली. केवळ सीडी घेणाऱ्यांच्या दृष्टीने ती मैफल तेरा वर्षांनी पूर्ण झाली.

म्हणूनच खरेदीपूर्वी आवरणावरील वर्ष, गाण्यांची यादी आणि एकूण कालावधी पाहावा. ‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ यांत गल्लत करू नये. दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. कारण जे मोठ्याने वाजते, तेच कानाला सरस भासते.

ऑनलाइन सेवांवर ऐकणाऱ्या नव्या पिढीच्या कानी बहुधा रीमास्टर आवृत्तीच प्रथम पडते आणि तीच मूळ आहे, असा समज होऊ शकतो. अशा वेळी घरातील जुनी एलपी किंवा पहिली सीडी ही निव्वळ अडगळ ठरत नाही. ते गाणे पहिल्यांदा जगापुढे आले तेव्हा कसे वाजत होते, याचा तो पुरावा असतो. नवी आवृत्ती जरूर घ्यावी. जुनी मात्र रद्दीत घालू नये.