मशीन बसेल का ग्रँटमध्ये?

सिल्वासात मसाट, पिपरिया किंवा खडोलीच्या औद्योगिक वसाहतीत वैद्यकीय उपकरणांचा विषय काढा. चहा यायच्या आत प्रश्न येतो, "केंद्र सरकार मेडिकलच्या धंद्याला पन्नास लाख फुकट देतंय म्हणे. त्यात मोल्डिंगचं मशीन बसेल का?" विचारणारा माणूस हुशार असतो, प्लास्टिकच्या कामात मुरलेला असतो, आणि म्हणूनच जास्त चीड येते. नाही बसत, शेठ. शेडही नाही बसत, जागाही नाही.

त्याचा दोष पूर्ण त्याचा नाही. दादरा आणि नगर हवेलीचं नाव आयकर कायद्याच्या आठव्या परिशिष्टात होतं. मार्च २००४ पर्यंत इथे सुरू झालेल्या कारखान्याला कलम ८०-आयबीखाली पहिली पाच वर्षं नफ्यावर शंभर टक्के वजावट मिळायची, जोडीला विक्रीकराची सवलत. मुंबईचे आणि गुजरातचे कारखानदार इथे आले ते दमणगंगेचा काठ पाहायला नव्हे. शेड उभी करा, मशीन बसवा, सीएकडून कागद करून घ्या, सवलत हक्काने मिळते, हे एका अख्ख्या पिढीने अनुभवाने शिकून घेतलं. आता 'सरकारी अनुदान' म्हटलं की डोळ्यांसमोर तेच येतं.

संशोधनाच्या ग्रँटचा हिशोब मुळातच वेगळा आहे. ज्या पन्नास लाखांची कुजबुज चालते ती बहुधा 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट', म्हणजे 'बिग'. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली 'बायरॅक' ही ना-नफा कंपनी काढली, तिची ही योजना. कमाल रक्कम पन्नास लाख, मुदत साधारण दीड वर्ष. त्याआधी २००५ मध्ये याच विभागाने लहान उद्योगांसाठी 'एसबीआयआरआय' सुरू केली होती. ही कल्पना आपल्याकडे उगवलेली नाही. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलँड टिबेट्स यांनी १९७७ मध्ये तिचा पहिला प्रयोग केला आणि १९८२ मध्ये तिथे कायदाच झाला. पुढे त्या कायद्याखाली तिथल्या मोठ्या सरकारी खात्यांवर बाहेर देण्याच्या संशोधन निधीतले किमान ३.२ टक्के लहान कंपन्यांसाठी राखून ठेवण्याचं बंधन आलं. या साऱ्यामागचा विचार साधा आहे. एखादी कल्पना चालेल की नाही हेच ठाऊक नसताना बँक कर्ज देत नाही आणि गुंतवणूकदारही थांबून बघतो. तेवढ्या टप्प्यावरची जोखीम सरकार उचलतं.

म्हणजे पैसा मिळतो तो एका अनुत्तरित प्रश्नासाठी. तुमच्याकडे तसा प्रश्न नसेल तर तुमच्यासाठी ही योजनाच नाही. इतकं सोपं आहे, आणि इतकंच कुणाला ऐकायचं नसतं.

इथलंच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी होती: वारली, धोडिया, कोकणा. पश्चिम भारताच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं दुखणं जुनं आहे. केंद्राने जुलै २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केलं. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. गावात केली जाणारी स्वस्त चाचणी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. तिच्यात रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढं कळतं, पण माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी नमुना हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रापर्यंत न्यावा लागतो.

आता समजा एखादा लहान उद्योजक म्हणाला, "थेंबभर रक्तात, दहा मिनिटांत, वाहक आणि रुग्ण वेगळे दाखवणारी पट्टी मी बनवू शकेन असं वाटतं." हा ग्रँटचा प्रश्न. कारण 'वाटतं' आणि 'होतं' यांच्यामध्ये बराच खर्च आहे: रसायनं, नमुन्यांसाठी नीतिशास्त्र समितीची मंजुरी, प्रत्येक नमुन्याची एचपीएलसीशी पडताळणी, आणि उन्हाळ्यात बिनफ्रिजच्या उपकेंद्रात पट्टी टिकते का याची तपासणी. याउलट बाजारातली एखादी तयार पट्टी आणून तिचं प्लास्टिकचं कव्हर इथे मोल्ड करायचं असेल, तर तो चांगला धंदा आहे. करा. पण त्याला बँकेचं कर्ज लागतं.

पटत नसेल तर ग्रँट मिळालेल्यांकडे बघा. बायरॅकच्या पाठबळावर बंगळूरच्या सोहम इनोव्हेशन लॅब्जने नवजात बाळांची श्रवणचाचणी करणारं यंत्र बनवलं. जुलै २०१७ मध्ये ते जाहीर झालं आणि सरकारी प्रसिद्धिपत्रकात त्याचा तपशील आहे. बाळाच्या डोक्यावर तीन इलेक्ट्रोड लावून आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे पाहायचं, तेही बाळाला गुंगीचं औषध न देता. त्यांच्यापुढचा प्रश्न होता, प्रसूती वॉर्डाच्या गोंगाटातून हा बारीकसा संकेत वेगळा कसा काढायचा? उत्तर गणिती गाळणीत सापडलं, आणि तिचं त्यांनी पेटंट घेतलं.

आणि ते एजंट! "साहेब, पन्नास लाख पास करून देतो, दहा टक्के आपले." अशा माणसाला दारातूनच परत पाठवा. अर्ज ऑनलाइन असतो. आधी छाननी होते, मग तज्ज्ञांच्या समितीसमोर सादरीकरण. तिथे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ बसलेले असतात, ते विचारतात आणि तुम्हालाच उत्तर द्यावं लागतं. एजंट आत येत नाही. शिवाय पैसा एकरकमी येत नाही, हप्त्याने येतो. एक टप्पा पुरा झाला, अहवाल तपासला, विनियोग प्रमाणपत्र दिलं की पुढचा हप्ता. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत त्या प्रमाणपत्राचा नमुनाच छापलेला आहे, फॉर्म १२-ए. त्यात दलालीचा रकाना नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात, कारण त्यांत एवढा जीव नाही.

"शोध सरकारच्या मालकीचा होतो." होत नाही. 'बिग'मध्ये पेटंट शोध लावणाऱ्याचंच राहतं. अपवादात्मक परिस्थितीत जनहितासाठी हस्तक्षेप करण्याचा हक्क सरकार राखून ठेवतं.

"सरकार कंपनीत हिस्सा मागतं." 'बिग'मध्ये नाही. बायरॅकच्या 'सीड' आणि 'लीप' निधीत मात्र पैसा इनक्युबेटरमार्फत भागभांडवल म्हणून येतो. दोन्हींची गल्लत करून घाबरू नका, पण करार वाचल्याशिवाय सहीही करू नका.

"प्रयोग फसला तर व्याजासकट वसुली." प्रामाणिकपणे केलेला प्रयोग फसणं हा गुन्हा नाही; ती शक्यता धरूनच योजना आखलेली आहे. न खर्चलेली रक्कम मात्र परत करावी लागते, आणि पैसा भलतीकडे वळवला तर वसुली होणारच.

"हे आयआयटीवाल्यांचं काम." निदान आयआयटी दूर तरी नाही. पवईच्या आयआयटीत २०१४ पासून 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे, महाराष्ट्राच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने उभं राहिलेलं. छातीतले आवाज मोठे करून मोबाइलवर ऐकवणारा 'आयू' कंपनीचा डिजिटल स्टेथोस्कोप तिथलाच. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर 'बिग'चं भागीदार आहे. सिल्वासात आता नमो वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे विचारायला डॉक्टरही गावातच आहेत. साचा बनवणाऱ्याला डॉक्टरची अडचण ठाऊक नसते आणि डॉक्टरला साचा. या दोघांची गाठ पडली तर निम्मा अर्ज तिथेच तयार होतो.

"ग्रँट मिळाली म्हणजे विक्रीची परवानगी आलीच." अजिबात नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार धोक्याच्या प्रमाणात ए ते डी असे चार वर्ग आहेत. उत्पादनाचा परवाना पहिल्या दोन वर्गांना राज्य पातळीवर मिळतो, वरच्या दोघांना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून. चाचणीपुरता माल बनवायलाही वेगळी परवानगी लागते.

"मग सरकारी दवाखाना घेईलच की." तसं वचन कुठल्याही ग्रँटच्या पत्रात नसतं. सरकारी खरेदीत स्टार्टअपना पूर्वानुभवाच्या आणि उलाढालीच्या अटीतून सूट मिळू शकते, पण गुणवत्तेच्या अटीतून नाही. निविदा भरावी लागते, आणि तिथे तुमची पट्टी एचपीएलसीच्या किती जवळ जाते याचेच कागद मागतात.