झाडांचे सर्जन

मे महिना उजाडला की मुंबई-पुण्यात महापालिकेच्या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागतात. गाडीत दोर, कोयते, करवती, एक लांब शिडी आणि चार-सहा माणसं. पावसाळ्यातल्या वाऱ्यात फांद्या कोसळून कुणाला लागू नये म्हणून ही छाटणी. तुम्ही ती खिडकीतून पाहिलीच असेल. पण मित्रांनो, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या कामाला 'ट्री सर्जरी' म्हणतात, म्हणजे चक्क झाडाची शस्त्रक्रिया! आणि ते करणारा तो 'ट्री सर्जन'.

हे नाव शंभर वर्षांहून जुनं आहे. जॉन डेव्ही नावाचे एक गृहस्थ इंग्लंडमधून अमेरिकेत जाऊन ओहायो राज्यात स्थायिक झाले. त्यांनी 1901 मध्ये 'द ट्री डॉक्टर' नावाचं पुस्तक काढलं. रस्त्याकडेच्या झाडांचे हाल त्यांना बघवत नसत. त्या काळी झाडाला ढोली पडली की आतलं कुजलेलं लाकूड खरवडून काढायचं आणि पोकळीत सिमेंट भरायचं, अशी पद्धत होती. किडलेला दात दंतवैद्य भरतात ना, अगदी तस्संच. कापलेल्या जागेवर डांबरासारखा लेप फासायचा, म्हणजे ड्रेसिंगही झालं. कित्येक वर्षं सगळे असंच करत राहिले.

मग आले डॉ. अॅलेक्स शायगो. 1959 मध्ये ते अमेरिकेच्या वनखात्यात नोकरीला लागले. एका माणसाला पेलेल अशी यांत्रिक करवत तेव्हा नुकतीच हाताशी आली होती. त्याआधी झाडाचं आतलं काही बघायचं तर आडवा काप घेऊन वर्तुळं मोजायची, एवढंच. शायगोंनी बुंधे उभे चिरले, काकडी चिरावी तसे! एक-दोन नाही, आयुष्यभरात हजारो. आणि त्यांना जे दिसलं, त्यानं सगळ्या धंद्याची पद्धतच बदलली.

आपलं बोट कापलं तर काय होतं? आठ-दहा दिवसांत जखम भरते, तिथे नवी कातडी येते. झाडाचं तसं नाही बरं का. झाडाची जखम भरतच नाही! जे लाकूड एकदा दुखावलं, ते पुन्हा नीट होत नाही. मग झाड करतं काय? घरातल्या एका खोलीला आग लागली तर आपण तिचं दार लावून घेऊ, तसं झाड त्या जागेची दारं बंद करतं. वर-खाली एक आडोसा, आतल्या बाजूला दुसरा, दोन्ही कडांना तिसरा. शिवाय जखमेनंतर जे नवीन लाकूड तयार होतं, त्याच्या आणि जुन्याच्या मध्ये चौथा. हा चौथा सगळ्यांत भक्कम. कुजवणारी बुरशी आत कोंडली जाते आणि झाड तिच्याभोवती नवं अंग वाढवत राहतं. 1977 मध्ये शायगोंनी हे सगळं मांडलं.

आता सांगा, ढोली खरवडताना माणसं काय करत होती? झाडानं कष्टानं बांधलेली भिंतच फोडत होती! बुरशीला मोकळं रान. त्यात सिमेंट पडलं कडक आणि झाड वाऱ्यावर हलणारं, त्यामुळे मध्ये फट पडायची आणि पाणी आत मुरायचं. लेपानंही कुज थांबत नव्हती. चांगल्या हेतूनं केलेला औषधोपचारच रोग्याला बाधत होता म्हणायचा.

फांदी कुठे कापायची याचं उत्तरही इथेच मिळालं. फांदी जिथे खोडातून निघते तिथे नीट पाहा. बांगडीसारखा किंचित फुगवटा दिसेल. दार लावायची सगळी सामग्री या फुगवट्यात असते. 'खोडाला लागून सपाट कापा' हा जुना नियम म्हणजे दारच उखडून टाकणं. पण हातभर लांब खुंट ठेवला तर तोही वाळतो, कुजतो. म्हणून काप घ्यायचा फुगवट्याच्या अगदी बाहेर. आणि एका झटक्यात नाहीच. जड फांदी वरून कापायला घेतली की अर्ध्यातच ती आपल्या वजनानं मोडते आणि केळं सोलावं तशी खोडाची साल ओरबाडत खाली जाते. म्हणून पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूनं, थोडासाच. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी पडते, साल शाबूत राहते. उरलेला तुकडा तिसऱ्या कापानं अलगद काढायचा.

वाचायला सोपं वाटतं. पण हे सगळं जमिनीपासून पन्नास-साठ फुटांवर करायचं असतं!

चढायचं कसं? आधी पातळ दोरीच्या टोकाला छोटी वजनाची पिशवी बांधून ती उंच फांदीवरून फेकतात. नेम लागेपर्यंत पाच-सात वेळा फेकावी लागते. मग तिच्यामागून खरा दोर ओढून घेतात. जाडी जेमतेम 12-13 मिलिमीटर, पण दोन हजार किलोंहून अधिक ताण सोसणारा. कमरेला आणि मांड्यांना रुंद पट्ट्यांचा साज. दोरावर एक खास गाठ मारलेली असते. भार पडला की घट्ट आवळते, हातानं ढकलली की सरकते. तिची मूळ कल्पना कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं 1931 मध्ये जगापुढे मांडली. बुटांना लोखंडी काटे लावून चढणं सोपं जातं, पण प्रत्येक काटा म्हणजे झाडाला जखम. म्हणून काटे वापरायचे ते फक्त तोडून टाकायच्या झाडावर.

यांत्रिक करवत मोठी गमतीची चीज आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी करवत बनवली, तेव्हा ती चालवायला दोन माणसं लागत. आज झाडावर नेतात ती तीन-चार किलोंची असते. तिची दातेरी साखळी सेकंदाला वीस मीटर पळते. गणित करा बरं, ताशी किती किलोमीटर झाले? बहात्तर! मांडीला नुसती चाटून गेली तरी काय होईल याची कल्पना करवत नाही. म्हणून पॅन्टच खास असते. आत लांब लांब धाग्यांचे थर. साखळीनं वरचं कापड फाडलं की धागे भसकन बाहेर येतात, तिच्या चाकात गुंतत जातात आणि क्षणार्धात करवत बंद! ती पॅन्ट पुन्हा वापरायची नाही. तिनं आपलं काम केलं. करवत दोर कापील ही भीती असतेच. म्हणून कापताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असतो आणि दुसऱ्या पट्ट्यात बहुधा पोलादी तार असते.

खाली उभ्या असलेल्या गड्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर वरच्याचा जीव त्याच्या हातात असतो. वरून हाक येते, "बाजूला व्हा!" खालून "सगळं मोकळं!" असं उत्तर येईपर्यंत करवत फांदीला लावायची नाही. खाली घर किंवा विजेच्या तारा असतील तर फांदी दोराला बांधून हळूहळू उतरवतात. 30 सेंटिमीटर जाडीची, तीन मीटर लांबीची ओली फांदी भरते जवळजवळ दोनशे किलो! नुसत्या हातानं कोण धरणार? म्हणून दोराचे वेढे बुंध्याला बांधलेल्या लोखंडी नळीवर घेतात, मग एकटा माणूस ती सावकाश सोडू शकतो. शिवाय खालच्यांपैकी एकाला तरी चढता आलंच पाहिजे. वर कुणी जखमी होऊन लटकला तर अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत थांबून चालत नाही.

आपल्याकडची माणसं चढण्यात कुणाला हार जायची नाहीत. कोकणातला नारळ काढणारा पायात दोरीचा फास घालून बघता बघता शेंड्याला पोचतो. पण शहरात छाटणी करणारा अनेकदा अनवाणी असतो, डोक्यावर शिरस्त्राण नाही आणि कमरेला दोर असला तर असला. हे मला बरोबर वाटत नाही. 1975 पासून महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी कायदा आहे. परवानगीशिवाय अंगणातलं झाडसुद्धा तोडता येत नाही. झाडासाठी कायदा झाला, तसा झाडावर चढणाऱ्यासाठी पट्टाही मिळायला हवा, नाही का?

तुमच्या रस्त्यावरच्या झाडाची शस्त्रक्रिया नीट झाली की नाही, हे तुम्हालाही ओळखता येईल. दोन-तीन वर्षांपूर्वीचा काप शोधा. त्याच्याभोवती नव्या लाकडाची वळी आलेली असते. ती मेदूवड्यासारखी सगळीकडून गोल असेल, तर कापणाऱ्याला फुगवटा माहीत होता. वळी फक्त डाव्या-उजव्या बाजूला असेल आणि वर-खाली कोरडं लाकूड उघडं दिसत असेल, तर काप फार आत गेला. आणि वाळका खुंट लोंबत असेल, तर तिसरा काप घ्यायचा राहून गेला.